शाळेतील दुधाचा पेला

महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्यांच्या दारिद्र्याची एक हकीकत आली आहे. धनिकांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. द्रोणांच्या घरी गाय नव्हती. ती मिळवण्यासाठी ते पुष्कळ हिंडले, परंतु रिकाम्या हातांनी परत आले. इकडे सोबतच्या मुलांनी पिठात पाणी कालवून ते पांढरे पाणी अश्वत्थाम्याला प्यायला दिले, आणि आपण दूध प्यालो अशा समजुतीने तो आनंदाने नाचू लागला. भोवतालची पोरे हसू लागली. ते दृश्य द्रोणांना असह्य झाले आणि ते जुन्या मैत्रीची आठवण धरून द्रुपदाच्या दारी गेले. तेथे झालेल्या अपमानातून पुढे केवढे वैर पेटले, हे सर्वश्रुतच आहे.

ह्या कथेतील वैर मोठ्या माणसांचे आहे. लहानग्याच्या वाट्याला आले ते एक साधे अज्ञान. दूध कशाला म्हणतात हे त्याच्या जिभेला ठाऊक नव्हते. जे पोटाला कधी मिळालेच नाही, त्याची पारख जिभेला कोठून असणार? दुधाविषयीचे ज्ञान, त्याची आवड आणि ते पिण्याची सवय ह्या तिन्ही गोष्टी मूल आपल्या घरातून घेऊन येते. ज्या घरी दुभते आहे तेथील मुलाला निरसे दूध आणि तापवलेले दूध, साय आणि लोणी, गोड दही आणि आंबट ताक ह्यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. ज्या घरी चहापुरते दूध येते तेथील मुलाला दूध म्हणजे चहाचा रंग. हजारो वर्षे हे असेच चालले. विसाव्या शतकात मात्र एक नवी गोष्ट घडली. मुलाला दूध देण्याचे काम शाळेने आपल्या अंगावर घेतले. त्याचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचाच आहे, पण मोठा उद्बोधक आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ इंग्लंडात झाला, आणि त्याचे कारण वात्सल्यापेक्षा भीती हे अधिक होते. १८९९ ते १९०२ ह्या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध चालू असता सैन्यात भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण खुजे, किरकोळ आणि दुर्बळ म्हणून परत पाठवावे लागले. साम्राज्याच्या राजधानीत ह्या गोष्टीने खळबळ उडाली. सरकारने चौकशी समिती नेमली, १९०४ साली तिचा अहवाल आला, आणि १९०६ साली पार्लमेंटने शाळेतील गरजू मुलांना जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. योगायोग असा की, त्याच १९०६ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण आपल्या साऱ्या राज्याला लागू केले. एका देशात मुलाचे अन्न शाळेत आले, तर दुसऱ्या ठिकाणी मूलच शाळेत आले. पुढे ह्या दोन वाटा एकत्र यावयाच्या होत्या.

शाळेत जेवण द्यावयाचे ठरले, तरी दूधच का द्यावे, ह्याला पुरावा हवा होता. तो डॉ. कॉरी मॅन ह्यांनी दिला. १९२२ पासून चार वर्षे त्यांनी लंडनजवळच्या एका अनाथ मुलांच्या वसाहतीत प्रयोग केला. तेथील मुलांना पोटभर अन्न मिळत होते आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते पुरेसे होते. डॉ. मॅन ह्यांनी एका गटाला त्याच जेवणाबरोबर रोज एक पिंट, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, दूध जादा दिले. दुसऱ्या गटांना साखर, लोणी, मार्गारीन इत्यादी निरनिराळे पदार्थ दिले. वर्षभरात नुसत्या नेहमीच्या जेवणावर राहिलेल्या मुलांचे वजन सरासरी ३.८५ पौंडांनी आणि उंची १.८४ इंचांनी वाढली, तर दूध मिळालेल्या मुलांचे वजन ६.९८ पौंडांनी आणि उंची २.६३ इंचांनी वाढली. १९२६ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील एक गमतीची नोंद अशी की, दूध पिणारी मुले इतकी उत्साही झाली होती की, त्यांच्या खोड्याही वाढल्या होत्या! पोट भरणे आणि पोषण होणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही आज सामान्य वाटणारी कल्पना त्या आकड्यांनी लोकांच्या मनावर ठसवली.

पाठोपाठ जॉन बॉइड ऑर ह्यांनी स्कॉटलंडमधील सात गावांत आणि बेलफास्टमध्ये सुमारे दीड हजार शाळकरी मुलांवर सात महिने असाच प्रयोग केला. त्यांनी काही मुलांना सायीसकट दूध दिले, काहींना साय काढलेले दूध, काहींना तितकीच उष्णता देणारी बिस्किटे, आणि काहींना काहीच दिले नाही. दूध मिळालेल्या मुलांची वाढ इतरांहून सुमारे वीस टक्के अधिक आढळली, आणि विशेष म्हणजे साय काढलेल्या दुधाचाही गुण जवळजवळ तेवढाच दिसला. त्या काळी साय काढलेले दूध जनावरांना घालण्याच्या लायकीचे समजले जाई. गरिबाच्या मुलाला परवडेल असे पोषण त्यातच आहे, हा शोध पुढे फार दूरवर पोहोचला.

ह्यापुढचा प्रयोग मात्र आकाराने सर्वांत मोठा आणि शिकवणुकीने सर्वांत विलक्षण ठरला. १९३० च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यातील सदुसष्ट शाळांत वीस हजार मुले निवडण्यात आली. पाच हजारांना कच्चे दूध, पाच हजारांना जंतू मारण्यासाठी तापवून निववलेले दूध, प्रत्येकी रोज पाऊण पिंट. आणि उरलेल्या दहा हजारांना तुलनेसाठी दुधावाचून ठेवण्यात आले. कोणाला दूध द्यावयाचे हे नशिबावर सोपवावे, असा मूळ बेत होता. कोठे चिठ्ठ्या टाकल्या, तर कोठे नावांच्या आद्याक्षरांवरून निवड केली. परंतु एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा कृश मुले फारच एकवटलेली दिसली, तर त्यांची अदलाबदल करण्याची मुभा मुख्याध्यापकांना होती. तेथेच घोटाळा झाला.

तो घोटाळा हेरला तो एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील संख्याशास्त्रज्ञाने. विल्यम गॉसेट हे त्याचे नाव. डब्लिन येथील गिनेस कंपनीत तो नोकरीस होता आणि आपले लेख तो 'स्टूडन्ट', म्हणजे 'विद्यार्थी', ह्या टोपणनावाने लिहीत असे. १९३१ साली त्याने दाखवून दिले की, प्रयोग सुरू होतानाच दूध न मिळणारी मुले दूध मिळणाऱ्या मुलांपेक्षा उंचीने आणि वजनाने सरस होती. दोन गटांत काही महिन्यांच्या वाढीइतके अंतर होते. असे का व्हावे? समोर दुधाची बाटली आहे, वर्गात एक गुटगुटीत पोर आहे आणि एक हाडांचा सापळा आहे. अशा वेळी शिक्षकाचा हात कोणाकडे वळेल? त्यांनी नकळत दुबळ्या पोरांची नावे दुधाच्या यादीत घातली असावीत, असा तर्क गॉसेटने केला. आणखी एक बारकावा त्याने टिपला. मुलांची वजने कपड्यांसकट घेतली होती, पहिली ऐन हिवाळ्यात आणि दुसरी उन्हाळ्यात. सुखवस्तू घरचे मूल हिवाळ्यात जाड कपडे घालते आणि उन्हाळ्यात उतरवते. गरिबाच्या मुलाजवळ उतरवण्यासारखे काही नसते. म्हणजे तराजूच्या काट्यावर दुधाबरोबर दारिद्र्यही मोजले गेले होते. वीस हजार मुलांऐवजी पन्नास जुळ्या जोड्या घेऊन प्रयोग केला असता, तर थोड्या खर्चात अधिक खात्रीचे उत्तर मिळाले असते, असे त्याने सुचवले.

दूध गुणकारी नाही, असे गॉसेटचे म्हणणे नव्हते. कच्चे दूध बरे की तापवलेले, ह्या प्रश्नाचा निर्णय ह्या आकड्यांवरून करता येणार नाही, हे त्याचे म्हणणे होते. संख्याशास्त्राच्या अभ्यासकांत ह्या प्रयोगाचे नाव आजही सावधगिरीचा धडा म्हणून घेतले जाते. इतर वाचकांनी त्यातून घ्यावयाचा अर्थ थोडा वेगळा आहे. नियमाच्या आणि मुलाच्या मध्ये नेहमी एक माणूस उभा असतो. योजना राजधानीत ठरते, पण पेला कोणाच्या हाती जावयाचा हे वर्गातील शिक्षक ठरवतो.

इंग्लंडात दूध सर्व शाळांत पोहोचले ते ह्या प्रयोगांच्या जोडीला बाजाराचे कारण आले तेव्हा. १९३० नंतरच्या मंदीत दुधाचे भाव कोसळले. १९३३ साली दुधाच्या विक्रीसाठी मंडळ स्थापन झाले, आणि खपाहून अधिक येणारे दूध कोठे जिरवावे, हा प्रश्न त्यापुढे उभा राहिला. तेव्हा सर्वांचे लक्ष शाळांकडे गेले. १९३४ च्या ऑक्टोबरपासून पिंटाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर, दुधाची बाटली मुलांना अर्ध्या पेनीस मिळू लागली आणि उरलेल्या खर्चाचा भार सरकारी तिजोरीने उचलला. मुलांचे पोषण आणि शेतकऱ्याची अडचण अशा दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत भरल्या गेल्या. ह्यात निंद्य असे काही नाही. मात्र शाळेच्या दुधाचा विचार करताना ते कोणाची गरज भागवण्यासाठी आले, हा प्रश्न त्या दिवसापासून कायमचा चिकटून राहिला. तीन-चार मुले असलेल्या बेकार मजुराला रोजची ती अर्धी पेनीही जड होती. १९४६ साली हे दूध विनामूल्य झाले आणि मगच वर्गातील श्रीमंत-गरीब सर्वांच्या मेजावर सारखी बाटली आली.

आणि मुलांना ते आवडत होते काय? ह्याचे उत्तर ऋतूवर अवलंबून असे. हिवाळ्यात दाराशी ठेवलेल्या बाटल्यांतील दूध गोठून साय टोपणासकट वर येई. मग शिक्षक त्या शेगडीजवळ ठेवीत आणि दूध कोमट, चमत्कारिक चवीचे होई. उन्हाळ्यात ते उन्हात तापे. त्या कोमट दुधाची शिसारी कित्येकांना जन्मभर पुरली. उलट बाटलीच्या तोंडावरील पुठ्ठ्याच्या चकत्या मुलांना फार प्रिय होत्या. त्यांवर लोकर गुंडाळून ती गोंडे बनवीत. पोषणाच्या अहवालांत ह्या गोंड्यांचा उल्लेख कोणी करीत नसे, परंतु मुलाच्या जगात दुधाच्या बाटलीची किंमत काही अंशी त्या चकतीतही होती.

१९६८ साली माध्यमिक शाळांतून हे दूध बंद झाले. १९७१ साली सात वर्षांवरील मुलांचेही थांबवण्यात आले. त्या वेळच्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर ह्यांना 'दूध हिरावणारी' ही पदवी विरोधकांनी दिली आणि त्या पुढे पंतप्रधान झाल्या तरी ती त्यांना सुटली नाही. मुलांनी ज्याविषयी नाके मुरडली होती, त्याच दुधासाठी सारा देश भांडला. शाळेचा पेला हा आपल्या हक्काचा आहे, ही भावना तोवर लोकांच्या मनात रुजली होती.

हिंदुस्थानात ह्या विचाराचे पहिले शास्त्रीय पाऊल नीलगिरीच्या डोंगरात पडले. कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत ॲक्रॉइड आणि कृष्णन ह्यांनी वसतिगृहांतील मुलांना त्यांच्या रोजच्या भाताच्या जेवणाबरोबर साय काढलेल्या दुधाची भुकटी पाण्यात कालवून दिली, आणि मुलांची वाढ स्पष्टपणे सुधारल्याचे १९३७ साली प्रसिद्ध केले. बॉइड ऑर ह्यांचा शोध अशा रीतीने भातखाऊ मुलापर्यंत आला. १९४६ मध्ये मुंबईत म्हशीच्या दाट दुधात ही भुकटी आणि पाणी मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध तयार होऊ लागले. दारा खुरोडी ह्यांची ती कल्पना. म्हशीच्या दुधातील स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतो. तो वाटून घेतला तर एका पेल्याचे दोन पेले होतात, हा त्यामागचा सरळ हिशेब.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच भुकटी जगभर पसरली. अमेरिकेत ती कोठारे भरून उरली होती आणि युद्धाने होरपळलेल्या देशांत मुले उपाशी होती. जपानमध्ये १९४६ च्या अखेरीस शाळेतील भोजन पुन्हा सुरू झाले ते अशाच मदतीवर. त्या पिढीतील जपानी माणसे आजही त्या भुकटीच्या दुधाच्या वासाची आठवण काढतात. नाक दाबून ते गिळावे लागे म्हणतात. त्या दुधाने हाडे वाढली, ह्यात शंका नाही. पण भुकटीची जागा पुढे ताज्या दुधाने घेतली तेव्हाच जपानी मुलाला दूध आवडू लागले.

भारताने ह्या बाबतीत एक वेगळी वाट काढली, आणि ती बडोद्याच्या शेजारीच निघाली. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा दूध उत्पादक संघ १९४६ च्या डिसेंबरात नोंदला गेला होता. त्रिभुवनदास पटेल त्याचे धुरीण होते आणि १९४९ साली व्हर्गीस कुरियन आणंदला आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता हरिचंद दलाया ह्यांनी ती करून दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीने आणंदच्या कारखान्यास यंत्रसामग्री दिली आणि त्या बदल्यात संघाने जिल्ह्यातील मुलांना विनामूल्य दूध देण्याचे मान्य केले. १९५५ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी जवाहरलाल नेहरूंनी त्या कारखान्याचे उद्घाटन केले. परक्या देशातील उरलेसुरले मुलाला वाढण्याऐवजी, त्याच्याच गावच्या म्हशीचे दूध त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची ती तजवीज होती. १९९८ साली भारत जगातील सर्वांत अधिक दूध देणारा देश झाला, त्याची एक मुळी तेथे आहे.

येथे आपल्या घरांतील जुन्या रीतीचा विचार करणे प्राप्त होते. इंग्लंडातील मुलाला दूध म्हणजे पेलाभर थंड दूध. मराठी घरात दुधाचा मोठा भाग पूर्वापार विरजणाकडे जातो. दहीभात, ताक, कढी आणि पोळीवर तूप ही लहान मुलाची दुधाशी होणारी खरी ओळख. गोकुळातील बाळकृष्णदेखील लोणी आणि दही चोरतो. पेलाभर दुधासाठी त्याने घरे फोडल्याचे कोणी सांगत नाही! ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी मूल रबडीवर वाढते, बेळगावचे कुंद्यावर, तर गोव्यात कालवणाला दाटपणा आणतो तो नारळाचा रस. ह्या आवडीनिवडींमागे शरीराचेही कारण आहे. दुधातील साखर पचवणारे द्रव्य पुष्कळ माणसांच्या आतड्यांत बालपणानंतर कमी होते. आपल्या देशात वायव्येकडून आग्नेयेकडे जावे तसतसे अशा माणसांचे प्रमाण वाढत जाते. दुधाचे दही होताना त्या साखरेचा काही भाग आंबून जातो, म्हणून ज्याला दूध जड जाते त्याला दही सोसते. एक लहान पेला दूध अशांपैकीही बहुतेकांना त्रास देत नाही, हे खरे. तरीही 'दूध नको' म्हणणारे प्रत्येक मूल हट्टीच असते, असे समजणे न्यायाचे नव्हे.

हा सारा इतिहास सीमाभागात आज रोजच्या अनुभवाचा झाला आहे. कर्नाटक सरकारने १ ऑगस्ट २०१३ रोजी 'क्षीरभाग्य' योजना सुरू केली. त्या सुमारास राज्यातील सहकारी संघांपुढे दुधाचा पूर साचला होता. म्हणजे १९३४ सालची इंग्लंडातील परिस्थितीच येथे पुन्हा आली होती. अठरा ग्रॅम भुकटीचे दीडशे मिलिलिटर गरम, गोड दूध सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना प्रथम आठवड्यातून तीन दिवस आणि २०१७ पासून पाच दिवस देण्याचे ठरले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील सरकारी मराठी शाळांतील मुलांच्या हातीही हाच पेला आला. मोठ्यांच्या न्यायालयांत सीमेचा वाद चालू असता दोन्ही भाषांच्या मुलांनी एकाच पातेल्यातील दूध प्यावे, ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही. २०२४ पासून ह्या दुधात काही दिवस नाचणीचे सत्त्व मिसळण्यास सुरुवात झाली. ज्या प्रदेशात आंबील पिऊन पिढ्या वाढल्या, तेथील जिभेला ही चव परकी नाही. योजना आखणाऱ्याने मुलाच्या जिभेची आठवण ठेवली म्हणजे काय होते, ह्याचे हे एक चांगले उदाहरण.

शाळेच्या पाठ्यपुस्तकांत दुधाला पूर्णान्न म्हणण्याचा प्रघात आहे. दुधात उत्तम प्रथिने आहेत, हाडांना लागणारा चुना भरपूर आहे. परंतु लोह नाहीसारखेच आहे आणि 'क' जीवनसत्त्वही फार थोडे. मुलाला हे खरे ज्ञान दिले, तर ते दुधाच्या जोडीला पालेभाजी आणि आवळाही मागेल. ते न देता नुसते पाठांतर करून घेतले, तर मूल परीक्षेत पूर्णान्न लिहील आणि मधल्या सुट्टीत पेला नळाखाली ओतून देईल. कॉरी मॅन ह्यांचे आकडे, सरकारची तिजोरी आणि शेतकऱ्याचे कष्ट हे सारे त्या नळाखाली एका क्षणात वाहून जाते.

शंभर वर्षांत मोठ्यांनी मुलाचे वजन केले, उंची मोजली, दुधाचा भाव ठरवला, भुकटीची जहाजे आणली. मुलाला काय रुचते आणि त्याला काय ठाऊक आहे, हे मात्र सर्वांत शेवटी विचारले गेले. दूध गरम हवे की गार, गोड हवे की अळणी, पेल्यात हवे की वाटीत दही म्हणून हवे, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु योजना टिकते ती ह्याच प्रश्नांच्या उत्तरांवर, आणि ती उत्तरे पेला हाती देणाऱ्या शिक्षकाला व स्वयंपाक करणाऱ्या बाईला सर्वांआधी कळतात. त्यांचे म्हणणे ज्या राज्यात ऐकले जाईल, तेथील मुलाची जीभ खऱ्या दुधाची पारख करील, आणि पिठाचे पाणी पिऊन नाचण्याची वेळ तेथे कोणत्याही लहानग्यावर येणार नाही.